सीझनचे शेवटचे दिवस: एव्हन आणि स्टाऊरवर रोचच्या मागे

बुधवार

स्विंडनहून निघायलाच अकरा वाजले, कारण पेडणेकराची नाईट शिफ्ट सकाळी सहाला सुटली आणि तो म्हणाला चार तास तरी झोपू दे, नायतर तुझ्या त्या नदीत मीच पडेन. पेडणेकर म्हणजे पेडण्याचा, आडनाव वेगळंच आहे, पण स्विंडनमध्ये गोंयकार इतके झालेत की गावावरून ओळखणंच सोपं पडतं. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली माणसं, बरीचशी वेअरहाऊसला नाहीतर फॅक्टरीत, आणि वीकेंडला बांगडा कुठे चांगला आलाय याची फोनाफोनी. मी आरोंद्याचा, म्हणजे तेरेखोल नदीच्या ह्या काठाचा आणि तो त्या काठाचा, दोघांनीही पोरपणी खाडीवर गरवलंय, त्यामुळे गरी हातात धरून गप्प बसायची सवय दोघांनाही आहे. (त्याला गप्प बसायची जरा कमी.)

आता हे घाईघाईत मार्चमध्ये, अशा थंडीत का, तर इथे इंग्लंडमध्ये नद्यांवर 15 मार्च ते 15 जून गरवायला बंदी असते. सॅल्मन, ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले जे बाकीचे मासे, त्यांच्या विणीचा काळ म्हणून. 14 मार्च शेवटचा दिवस, तो यंदा शनिवारी आला, मग म्हटलं रजा टाकू आणि जाऊ. आणि दुसरं कारण म्हणजे रोच. रोच हा मासा सगळीकडे असतो, तळ्यात, कॅनॉलमध्ये, पोरं पहिल्यांदा गळ टाकतात तेव्हा बहुतेक हाच लागतो, बोटभर. पण नदीत जन्मलेला, नदीतच वाढलेला मोठा रोच ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तो हिवाळ्याच्या शेवटी, पाणी उतरताना, थोडं गढूळ असताना, संध्याकाळच्या तासाभरात खायला निघतो असं इथले जाणते सांगतात. पाण्याखालचं हिरवं गवत तोवर मेलेलं असतं, मासे थवा करून खोल संथ जागी जमलेले असतात, म्हणजे शोधायला तरी वाव असतो.

वाटेत आधी टॅकल शॉप. अळ्या इथे पाइंटच्या मापानं मिळतात, दुधाच्या नाहीतर बिअरच्या मापानं, आणि पेडणेकर दर वेळी त्यावर तोच जोक मारतो जो मी इथे लिहिणार नाही. एक पाइंट पांढऱ्या-लाल मिक्स अळ्या, अर्धा पाइंट कास्टर म्हणजे कोशात गेलेल्या अळ्या (रोचला ह्या जास्त आवडतात, पण फार काळ्या पडल्या की तरंगतात आणि फुकट जातात), आणि उकडलेलं हेम्प, म्हणजे चक्क भांगेचं बी. फुटेपर्यंत उकडलं की आतून पांढरा कोंब डोकावतो, ते मूठभर पाण्यात टाकलं की रोच तळाशी येऊन टिपत बसतात. नशा-बिशा काही नसते त्यात, पेडणेकरानं विचारून घेतलं.

मग मार्लबरोवरून A345 धरला. मला हा रस्ता फार आवडतो कारण प्यूझी गेलं की एव्हन नदी सोबत लागते, आधी उडी मारून ओलांडता येईल एवढी, मग अपेव्हन, नेदरेव्हन अशी तिचंच नाव लावलेली गावं, मग एम्सबरी. स्टोनहेंज तिथून हाकेच्या अंतरावर, गेलो नाही, दगड कुठे पळून जात नाहीत आणि सीझन मात्र संपत होता. ही सगळी चॉकची, म्हणजे खडूच्या दगडाची जमीन. पाऊस वरून वाहून जाण्याऐवजी आत मुरतो, खडूतून गाळत गाळत महिन्यांनी झऱ्यांतून बाहेर येतो, म्हणून पाणी काचेसारखं आणि भर हिवाळ्यातही झऱ्याचं पाणी साधारण दहा डिग्रीच्या आसपास. असल्या नद्या जगात थोड्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात.

सॉल्सबरीला चार वाजता पोचलो. वायलीला सोबत घेऊन आलेली नॅडर, बोर्न, एबल अशा सगळ्या नद्या ह्या गावाच्या आजूबाजूला एव्हनला येऊन मिळतात, त्यामुळे गावात जिकडे जाल तिकडे पूल. कथीड्रलचा कळस 123 मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच, पण आम्ही दोघं पुलाच्या कठड्यावर पोट टेकून खाली बघत उभे. ग्रेलिंग दिसले, एक बऱ्यापैकी ट्राउट दिसला, रोच नाही. हिवाळ्यात रोच मुद्दाम गावातल्या पाण्यात येऊन राहतात असं बऱ्याच ठिकाणी होतं, कारण माणसांच्या वर्दळीत पाणकावळे कमी येतात. पाणकावळ्याबद्दल पुढे सांगतो, त्याच्याशिवाय ही गोष्टच पुरी होत नाही.

मुक्काम फोर्डिंगब्रिजजवळ एका बीअँडबीमध्ये, म्हणजे झोपायची आणि नाश्त्याची सोय असलेल्या घरात. मालकीणबाईंना अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये ठेवू का असं मी विचारलंच नाही, गाडीतच ठेवला, बाहेर चार डिग्री होतं, फ्रिजच होता तो.

गुरुवार

सकाळी आठला क्लबच्या पाण्यावर. दिवसाचं तिकीट आदल्या रात्री ऑनलाईन काढलेलं, सरकारी रॉड लायसन्स वेगळं, ते तेरा वर्षांवरच्या सगळ्यांना लागतं, नसेल तर दंड. जागा सॉल्सबरीच्या खाली, वॉटर मेडोजच्या कडेला. ह्या कुरणांची गंमत मला पहिल्यांदा आलो तेव्हाच कळली होती, ती पेडणेकराला सांगत सांगत चाललो. सतराव्या शतकापासून इथल्या लोकांनी नदीतून पाट काढून कुरणांवर पातळ पाणी फिरवायची सोय केली होती, हिवाळ्यात. झऱ्याचं पाणी उबदार, म्हणून गवत गोठत नाही, लवकर वाढतं, आणि मार्चमध्ये मेंढ्यांना ओला चारा मिळतो जेव्हा बाकी सगळीकडे ठणठणाट असतो. फळ्या वरखाली करून हे पाणी खेळवणाऱ्या माणसाला ड्राउनर म्हणायचे, म्हणजे आपला पाटकरीच. आता एकदोन ठिकाणीच हे जिवंत आहे, बाकी कुरणांत नुसत्या चरांच्या खुणा राहिल्यात. तरी त्या खुणांमधून चालताना पाय घोट्यापर्यंत आत जातो.

पाणी बघितलं आणि बरं वाटलं. आठवडाभराच्या पावसानंतर उतरत होतं, अगदी स्वच्छ नाही, हिरवट झाक, दोन-अडीच फुटांपर्यंत दिसतंय त्यापुढे नाही. थर्मामीटर सोडला, आठ डिग्री. वारा नैऋत्येचा, ढगाळ. ह्याहून चांगलं मार्चमध्ये मागू नये.

माझी आवडती पद्धत ट्रॉटिंग. तेरा फुटी हलका रॉड आणि सेंटरपिन रील. हे रील म्हणजे नुसता एक ड्रम, चार-साडेचार इंच व्यासाचा, बेअरिंगवर फिरणारा, गिअर नाहीत, काही नाही, ब्रेक म्हणजे तुमचा अंगठा. फ्लोट, म्हणजे दोरीवरचं तरंगणारं बोंड, पाण्यावर सोडायचा, प्रवाह त्याला ओढतो, फ्लोट दोरी ओढतो, दोरी ड्रम फिरवते आणि तुम्ही अंगठ्यानं त्याला जरा जरा अडवत वीस-तीस मीटर खाली जाऊ द्यायचं. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून फ्लोटला मोकळं सोडलं तर तो आमिषाला मागून फरफटवतो आणि शहाणा रोच असल्या पळणाऱ्या अळीकडे बघत नाही. थोडं अडवलं की आमिष फ्लोटच्या पुढे जातं, तळाच्या वेगानं जातं, आणि पूर्ण थांबवलं की हळूच वर उचललं जातं. बरेच घास नेमके तेव्हाच. हे वाचून कळत नाही, अंगठ्याला कळावं लागतं, आणि एकदा कळलं की मासा लागला नाही तरी माणूस दिवसभर हेच करत बसू शकतो, मी बसलोय.

सुरुवातीला चमचाभर कास्टर आणि चिमूटभर हेम्प, मग दर सोडीला दहाबारा दाणे, थोडं थोडं पण न चुकता. एकदम ओतलं तर मासे पोट भरून निघून जातात. पहिल्या तासात ग्रेलिंग, मोठा पाठीवरचा पर फुलवून ताण देणारे, मग डेस, चांदीचे, चपळ, बोटाएवढे ते वीतभर. पेडणेकर खूश, त्याला रोज सकाळी कंटेनर रिकामे करायची सवय, तो प्रत्येक मासा "आला, आला" करत काढतोय. मी त्याला सांगितलं हे सगळे सोडायचेत बरं का. त्याला हे माहीत आहे, तरी दरवेळी तो मला असं बघतो.

"पात्रांव, नुस्तें धरून परत उदकांत?" म्हणजे मालक, मासे धरून परत पाण्यात?

म्हटलं हो. कायद्यानं नदीतून दिवसाला पंधरापर्यंत छोटे मासे, वीस सेंटिमीटरपर्यंतचे, घेता येतात, पण क्लबांचे नियम बहुतेक ठिकाणी एकही घेऊ नका असेच असतात. आणि तसंही रोच खाण्यात अर्थ नाही, काट्यांचा जुडगा नुसता, आमच्याकडे मांजराला घातला तर मांजर आधी विचार करेल. त्याला हे पटलं. चव नसलेला मासा सोडणं त्याच्या धर्मात बसतं.

दुपारी जरा शांत. हंसांची एक जोडी आली आणि पेडणेकराची अर्धी पावाची लादी पिशवीतून काढून घेऊन गेली, तो ओरडतोय, ते खातायत. हे हंस एकेकाळी इथून संपायला आले होते, गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या गिळून. 1987 पासून त्या मापाचं शिसं मासेमारीत बंद झालं, आता पर्यायी धातूचे शॉट वापरतात, आणि हंस वाढले, इतके की पाव राखावा लागतो. त्याला म्हटलं तुझ्या पावाचं दान चांगल्या कारणाला गेलं. तो म्हणाला पोदेराचा उंडो (गोव्यातल्या पाववाल्याचा गोल पाव) असता तर त्यांच्या चोचीतनं काढून आणला असता, ह्या स्लाइस ब्रेडसाठी कोण भांडतो. खरं आहे, पण गळाला हाच मऊ पांढरा ब्रेड लागतो, ताजा, चिमटीत दाबला की देठाशी घट्ट आणि कडा मोकळ्या राहिल्या पाहिजेत म्हणजे पाण्यात फुलतो.

साडेचारला आम्ही जागा बदलली. एका वळणाच्या आत, जिथे मुख्य धार पलीकडच्या काठाला लागून जाते आणि अलीकडे पाणी चालत्या माणसाच्या वेगाहून कमी, सहा फूट खोल, वर विलोची फांदी वाकलेली. डेस, ग्रेलिंगला जोराचं पाणी चालतं, रोचला असं. भिजवून पिळलेल्या पावाचा लिंबाएवढा गोळा टाकला, हुकवर ब्रेडफ्लेक, आणि सोडत राहिलो. सहाच्या सुमारास, उजेड जायला लागल्यावर, फ्लोट बुडाला नाही, जरा थांबला फक्त, म्हणून उचललं आणि जड, धपक् धपक् असे डोक्याचे झटके. डेस थरथरतो, चब (हाही इथला नदीतला मासा) पळतो, रोच डोकं हलवतो, ते झटके ओळखता यायला लागले की पोटात खड्डा पडतो कारण त्याचं तोंड मऊ, हुक कधीही सुटेल. घाई न करता जाळ्यात घेतला. एक पाउंड सहा औंस, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. पाठ निळसर, कुशीचा प्रत्येक खवला वेगळा मोजता येईल असा, पर शेंदरी, डोळा लाल. तुटलेला एक खवला नाही. हात ओले करून धरला, फोटो, आणि जाळं पाण्यात धरून स्वतःहून निघेपर्यंत थांबलो.

आता पाणकावळे. 1960-70 च्या काळात ह्याच एव्हनवर दोन पाउंडी रोचसाठी अख्ख्या देशातून लोक यायचे, मग रोच जवळजवळ दिसेनासे झाले. कारणं एकच नाहीत. नदी सरळ करून कडेच्या संथ जागा, जुने पाट बुजले, त्यात पिल्लं वाढायची ती जागा गेली. आणि समुद्रकाठी राहणारे पाणकावळे आत आले. 1981 मध्ये एसेक्समधल्या अ‍ॅबर्टन जलाशयावर त्यांनी झाडांवर घरटी करायला सुरुवात केली, मग देशभर आतल्या भागात पसरले, आणि वीतभर रोच हा त्यांचा नेमका घास. म्हाताऱ्या माशांना ते गिळू शकत नाहीत, पण मधली पिढीच गेली की म्हातारे मरेपर्यंत नदी छान वाटते आणि मग एकदम रिकामी होते. यावर ट्रेव्हर हॅरॉप आणि बजी प्राइस ह्या दोन मासेमारांनी एव्हन रोच प्रोजेक्ट नावानं जे केलं ते मला फार भारी वाटतं. रोच वसंतात चिकट अंडी झाडांच्या बुडालेल्या मुळांवर, शेवाळावर घालतात. ह्यांनी जुन्या कीपनेटची (पकडलेले मासे पाण्यात ठेवायच्या जाळ्याची) जाळी लावलेल्या फळ्या बनवून नदीत सोडल्या, रोचनी त्यावर अंडी घातली, ती उचलून टाक्यांत उबवली, पिल्लं तळ्यांत वाढवली आणि पाणकावळ्याला, पाइक ह्या शिकारी माशाला जरा तोंड देण्याएवढी झाल्यावर परत नदीत सोडली. सरकारी माणसं नव्हेत, रोचवेडे. विकतचे फार्ममधले मासे आणून ओतणं सोपं होतं, पण त्यांना एव्हनचेच रोच हवे होते. माझा गुरुवारचा मासा त्यांतला होता की नाही हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं, पण त्याच्या वयाचा रोच इथे आहे यातच काय ते आलं.

शुक्रवार

आज डॉर्सेट, स्टाऊर नदी. तासाभराचा रस्ता, छोट्या बोळांतून, कुंपणांच्या कडेला डॅफोडिल्स. स्टाऊर आणि एव्हन दोन्ही शेवटी क्राइस्टचर्चला एकत्र येऊन समुद्रात जातात, पण स्वभाव अगदी वेगळे. स्टाऊर ब्लॅकमोर व्हेलच्या चिकणमातीतून येते, पाऊस पडला की चोवीस तासांत चहाच्या रंगाची होते, आणि उतरायला लागली की मधे एक दिवस असा येतो की पाणी ना गढूळ ना स्वच्छ. आम्ही त्या दिवसाच्या जरा आधी पोचलो.

स्टर्मिन्स्टर न्यूटनला जुनी पाणचक्की आहे, अजून पीठ दळते, आणि तिच्याजवळच दगडी पूल. टॉमस हार्डी 1876 ते 1878 ह्याच गावात नदीकडे तोंड असलेल्या घरात राहायचा. पण पेडणेकराला आवडली ती पुलावरची लोखंडी पाटी. पुलाची मुद्दाम नासधूस करील त्याला जन्मभरासाठी देशाबाहेर धाडण्यात येईल, चौथ्या जॉर्जच्या काळातला कायदा, डॉर्सेटच्या बऱ्याच पुलांवर ही पाटी आहे. म्हणजे इंग्रजांचं स्वतःच्या लोकांसाठीचं काळं पाणी, तेव्हा ऑस्ट्रेलियाला धाडायचे. पेडणेकर म्हणाला, एवढ्याशा पुलासाठी? आमच्याकडे अख्खा पूल गेला तरी चौकशी बसते फक्त. मी काही बोललो नाही.

1990 साली ह्याच नदीतून, बऱ्याच खालच्या अंगाला, 4 पाउंड 3 औंसांचा रोच निघाला होता आणि तो ब्रिटिश रेकॉर्ड 2006 पर्यंत टिकला, मग उत्तर आयर्लंडमधल्या एका तळ्यातल्या माशानं एका औंसानं मोडला. मी नदीवाल्यांच्या बाजूचा असल्यामुळे माझ्या लेखी स्टाऊरचाच खरा.

सकाळी अकरापर्यंत काही नाही. साधं एक टोचणंसुद्धा नाही. मग बेलिफ आला, तिकीट बघणारा, सत्तरीचा, कुत्रं सोबत, तिकीट बघून झाल्यावर निघण्याऐवजी आमच्या मागे उभा राहिला. हे लोक शिकवत नाहीत, नुसते शेजारी उभे राहून नदीकडे बघत बोलतात आणि त्यात आपण घ्यायचं ते घ्यायचं. तो म्हणाला ब्रेड दिसतोय त्यांना ह्या पाण्यात, अळी दिसत नसेल. आणि दुसरं, की फ्लोट ठीक आहे पण आज ते तळाला चिकटून आहेत, हलणारं काही उचलणार नाहीत. म्हणजे ट्रॉटिंग बंद करा आणि तळाला ठेवा, एवढंच सांगायचं होतं, पण सरळ सांगितलं तर इंग्रज कसला.

मग क्विव्हरटिप काढला. ह्या रॉडचं टोक अगदी बारीक आणि मऊ, दोरीला छोटंसं वजन, आमिष तळाला पडून राहतं आणि घास आला की टोक थरथरतं. बारीक किसलेला कोरडा ब्रेड छोट्या पिंजऱ्यात भरून सोडला, तो तळाशी फुटून ढग होतो आणि प्रवाहातून खाली पसरतो. अर्ध्या तासात टोक हललं. सहा औंस. मग आठ. मग दुपारी तीनपर्यंत दर दहा मिनिटांनी एक, सगळे रोच, सगळे वीतभर किंवा जरा मोठे, एव्हनच्या माशापेक्षा रंगानं फिके कारण पाणी गढूळ. मोठा एकही नाही पण मला त्याचं दुःख नव्हतं. उलट हाच खरा चांगला सिग्नल, वीतभर मासे पुष्कळ म्हणजे मधली पिढी शाबूत आहे, चार-पाच वर्षांनी ह्याच नदीवर येणाऱ्याची मजा आहे. पाउंडापर्यंत जायलाच नदीतल्या रोचला बरीच वर्षं लागतात, आणि दोन पाउंडी रोच म्हणजे दहा-बारा वर्षं पाइक, ऊद, पाणकावळे, पूर सगळ्यांतून वाचलेला जीव. त्याचं वजन नऊशे ग्रॅम, घरी सांगितलं तर लोक विचारतात एवढ्यासाठी तीनशे किलोमीटर गाडी चालवलीस?

एकदा पेडणेकराच्या अर्ध्यावर आलेल्या माशाला पाइकनं धरलं, हातभर लांब असेल, पाण्यातच मोठा भोवरा, मिनिटभर ओढाओढ आणि मग पाइकनं सोडून दिलं. रोच बिचारा पाठीवर दातांचे ओरखडे घेऊन वर आला. पेडणेकर पहिल्यांदाच काही न बोलता वाकला आणि त्याला सोडून दिला.

संध्याकाळी पाऊस लागला, पबमध्ये गेलो. फिश अँड चिप्स. कॉडवर त्याचं मत तेच, मीठमसाला न लावता मासा तळणं हा गुन्हा आहे, याला पुलाच्या पाटीवरची शिक्षा पाहिजे.

शनिवार

सीझनचा शेवटचा दिवस, पुन्हा एव्हनवर. काठाकाठानं एवढ्या गाड्या की फाटकाजवळ जागा मिळेना, सगळे त्याच हिशेबानं आलेले. आपण म्हणतो नदीवर निवांत वाटतं वगैरे, पण 14 मार्चला गुरुवारच्या विलोखाली आधीच एक माणूस हिरव्या छत्रीत बसलेला, त्याला गुड मॉर्निंग म्हणून पुढे निघालो. अर्धा मैल चालल्यावर एक जुना पाट नदीला मिळतो तिथे मोकळं सापडलं. पाटाचं पाणी संथ, नदीचं चालतं, आणि दोन्हींच्या मधे पाण्यावर एक रेघ दिसते, तिला इथे क्रीज म्हणतात. फ्लोट त्या रेघेवरून न्यायचा, मासे संथ बाजूला उभे असतात आणि चालत्या बाजूनं काय येतंय ते बघत असतात. ह्या एका गोष्टीवर मी दिवस काढला.

सकाळ डेस, एक छान चब, तीन पाउंडाचा, त्यानं हेम्पचा सगळा कारभार उधळला. खंड्या दोनदा समोरून गेला. दुपारी पाणी अजून उतरलं, फार स्वच्छ झालं, आणि मग उजेड जाईपर्यंत काही होणार नाही हे कळलं, म्हणून स्टोव्हवर चहा आणि पेडणेकराच्या बायकोनं दिलेले शंकरपाळे. त्यानं मला विचारलं की बाबा तुला स्विंडनजवळ तळी आहेत की, तिथे तासाला वीस कार्प लागतात, ह्या थंडीत इथेच का. तिकडे गेलोय मी. तळ्याचा मालक मासे विकत आणून सोडतो, प्रत्येक मासा आठवड्यात चारदा पकडला गेलेला असतो, ओठ फाटलेले, आणि तुम्ही लाकडी फळीवर नंबर टाकलेल्या जागी बसता. मासा लागतो, नाही असं नाही. पण इथे तुम्हाला आधी मासा कुठे असेल ते ठरवावं लागतं, पाणी बघून, आणि तो खरंच तिथे असला तर तुम्ही नदीला बरोबर वाचलं. तळ्यात वाचायला काय आहे? पेडणेकर म्हणाला, ते सगळं बरोबर, पण हात गार पडलेत.

साडेपाचनंतर दोघांनीही ब्रेड लावला. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे खरा खेळ तासाभराचा. मला दोन मिळाले, एक पाउंडाच्या जरा खाली, एक जरा वर, दोन्ही रेघेच्या शेवटी फ्लोट अडवल्यावर. तिसरा लागला तो जड होता, नक्की जड होता, तीन-चार झटके दिले आणि हुक निघाला. होतं असं रोचमध्ये, त्याला इलाज नाही, वाटलं तर जरा मऊ रॉड घ्या.

आणि मग पेडणेकराला लागला. त्याचा रॉड पार वाकलेला, तो कोकणीत देवांची नावं घेतोय, मी जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात. आला वर. दोन पाउंड तीन औंस, काटा दोनदा बघितला, ओल्या जाळ्याचं वजन वजा करून. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मला मासा बघताच जरा शंका आली, पाठ जास्त उंच, पर लाल कमी आणि काळपट जास्त. रोच आणि ब्रीम एकाच जागी, एकाच वेळी अंडी घालतात तेव्हा त्यांचे हायब्रिड होतात, ते लवकर मोठे होतात आणि हुबेहूब मोठ्या रोचसारखे दिसतात, भल्याभल्यांना फसवतात. खात्री करायची रीत म्हणजे शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली जो पर असतो त्याचे काटे मोजायचे. रोचला 9 ते 12, हायब्रिडला 15 ते 19, ब्रीमला त्याहून जास्त. अंधार होत होता, मासा पाण्याबाहेर जास्त वेळ ठेवायचा नाही, म्हणून मी पर पसरून मोबाईलनं एक फोटो काढला आणि मासा सोडला. त्याला तेव्हा काही बोललो नाही. साडेसहाला सामान गुंडाळलं, रॉड सुटे केले, उरलेलं हेम्प नदीला.

रविवार

स्विंडन. गोंयकाराच्या दुकानात बांगडे आले होते, सहा घेतले, पेडणेकराकडे जेवण. त्यानं तोपर्यंत फोटो पेडण्यापासून पॅरिसपर्यंत सगळ्या ग्रुपवर टाकलेला, खाली "जंगली नदीतला रोच, 2 पाउंड 3 औंस, अख्ख्या इंग्लंडात वर्षाला मोजके". माझ्या मामांचा आरोंद्याहून रिप्लाय होता, "कालवण की तळलंव?"

जेवण झाल्यावर मी परावरचा फोटो मोठा करून काटे मोजले. पंधरा. परत मोजले, पंधरा किंवा सोळा, एक कडेचा नीट दिसत नाही. त्याला दाखवलं. तो म्हणाला फोटो हललाय. मी म्हटलं हलला असता तर पंधरा तरी कसे दिसले. तो म्हणाला ब्रीमच्या रक्ताचा एखादा थेंब असेल, कोणाच्या घराण्यात नसतो, डोळा बघ लाल आहे. वहिनी आतून म्हणाल्या तुम्ही दोघं सोडलेल्या माशावरून भांडताय का? सोलकढी वाढेपर्यंत तो मला अकराच काटे दिसतायत म्हणत होता, आणि 16 जूनच्या सकाळी पुन्हा त्याच पाटावर जाऊन तोच मासा पकडून समोर मोजून दाखवतो अशी पैज लागलीय, रजा आजच टाकतो म्हणाला.